बिनसुतकाची मयत

रामकिसनला मातीआड करून मनकर्णाबाई घरी आली आणि चुलीकडे पाठ करून दारात बसली. चूल पेटवायची नाही, हे तिनं ठरवलं होतं असंही म्हणवत नाही. या मुलखात वाढलेल्या बाईला त्यात ठरवण्यासारखं काही वाटतच नाही. ज्या घरातून मयत निघते, त्या घरची चूल आपल्या हातानं पेटत नाही. भावकीतली कोणी बाई टोपलीत भाकरी आणि पिठलं घेऊन येते, जवळ बसते, घरची बाई नको नको म्हणते, तरी पहिला घास तिच्या तोंडात घालते. त्यानंतर चूल पेटते, तोवर घर उपाशी. त्या घासाचा अर्थ एवढाच, की गेलेला माणूस आमचाही होता.

आता कोणी म्हणेल, बाई किरिस्ताव झालेली, तिला या रीतीभातीशी काय करायचं? खरं आहे. सहा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं बाशीमच्या मिशनात जाऊन पाणी घेतलं, आणि नवऱ्यानं घेतलं म्हणून तिनंही घेतलं. पण डोक्यावर ओंजळभर पाणी पडलं म्हणून जन्मभराच्या सवयी वाहून जात नाहीत. मनकर्णा देव्हाऱ्यापुढे हात जोडत नव्हती, पण संध्याकाळी केर बाहेर टाकायला अजून तिचा हात धजत नव्हता. आणि नवरा गेलेल्या घरात आपणच उठून भाकरी थापायच्या, हे तर तिला नुसतं मनात आणूनही लाज वाटत होती.

ती वाट कोणाची पाहत होती, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. भिंतीला भिंत लागून भासऱ्याचं घर होतं. दौलतराव म्हणजे रामकिसनचा सख्खा थोरला भाऊ. त्याची बायको गोजराबाई. मनकर्णा लग्न होऊन आली तेव्हा तिला ज्वारीची भाकरी धड थापता येत नव्हती, कडा फाटायच्या. सासूच्या नजरेला पडू नये म्हणून फाटलेल्या भाकरी गोजराबाई मुकाट्यानं आपल्या ताटात ओढून घ्यायची. अशी जाऊ मिळायला नशीब लागतं, असं मनकर्णेची आई म्हणायची. ते नशीब रामकिसननं पाणी घेतलं त्या दिवशी संपलं.

दौलतरावानं तेव्हा आरडाओरडा केला नाही. तो तसा माणूसच नव्हता. त्यानं पंच बोलावले, नाल्यावर जाऊन मडकं फोडलं, मिशा उतरवल्या आणि जित्याजागत्या भावाचा दहावा घातला. पिंड मांडले, तर कावळा काही शिवेना. ज्याच्या नावाचा पिंड, तो पलीकडे बाभळीच्या सावलीत दात कोरत बसलेला. कावळा तरी कोणत्या तोंडानं शिवेल? शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि वेळ मारून नेली. रामकिसन घरी आला आणि हसत बायकोला म्हणाला, "माह्या दहाव्याचे लाडू झकास झाल्ते म्हनतात. मले काई कोनी देल्ला नाई."

मनकर्णा हसली नाही. पंचांपुढे दौलतरावानं काय सांगितलं ते तिच्या कानावर आलं होतं. रामकिसनचं सुतक आम्ही धरलं आणि फेडलं, आता त्याच्या घरी पाळणा हलो की तिरडी बांधली जावो, आम्हाला सोयर नाही की सुतक नाही. त्यांचं आम्हाला नाही, आमचं त्यांना नाही. मनकर्णेला त्या दिवशी येशूचा राग आला. तो राग सवतीवर असतो तसा होता. सवतीला घराबाहेर काढता येत नाही, नवऱ्याला बोललं तर तो हसतो, आणि एकटीनं स्वयंपाक करताना तिचंच नाव घेऊन भांडी आपटावी लागतात. रविवारी रामकिसन डोळे मिटून प्रार्थना करी, तेव्हा ही डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे पाहत बसे.

"काहून गेले तुमी त्या वाटेनं?" असं तिनं त्याला कितीदा विचारलं असेल. संवत छप्पनच्या दुष्काळात तो बाशीमकडे खडी फोडायला गेला होता, बाप तिकडेच वारला, आणि मिशनातल्या लोकांनी त्याला कांजी पाजून जगवलं, हे तिला माहीत होतं. पण उपकार फेडायला कोणी जात सोडत नाही. रामकिसन दर वेळी एकच सांगायचा, "मले तिथं शांती भेटते." मनकर्णेला त्या शब्दाची चीड येई. तिला शांती नको होती, भावकी हवी होती.

त्या साली पावसानं मध्येच पाठ फिरवली. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन पिवळी पडली, आणि दिवाळीच्या सुमाराला मानमोडी आली. ताप यायचा, मान मोडून टाकल्यासारखी दुखायची, ओठ काळेनिळे व्हायचे आणि चांगला नांगर धरणारा गडी हां हां म्हणता गार पडायचा. एका घरची माणसं दुसऱ्या घरी जायची थांबली. भीतीनं नाही म्हणा, जायला उठून उभं राहणारं माणूसच घराघरांत उरलं नव्हतं. रामकिसन मात्र घागर घेऊन गावभर फिरला. ज्यांना कोणी पाणी द्यायला नव्हतं त्यांना त्यानं पाणी पाजलं, मेलेल्यांच्या तिरड्या बांधल्या. घशाला कोरड पडलेल्या माणसांनी घागर कोणाची हे विचारलं नाही. बरं झाल्यावर त्यातल्या काहींनी गोमूत्र पिऊन प्रायश्चित्त घेतलं, ही गोष्ट वेगळी. मग त्यांची पाच वर्षांची लेक पडली. पाणी घेतल्यानंतर झालेली, म्हणून रामकिसननं तिचं नाव मार्था ठेवलं होतं. गल्लीतली पोरं तिला मारता म्हणत. तिच्या उशाशी बसता बसता तोही आडवा झाला. मार्थाचा ताप उतरला, रामकिसनचा उतरला नाही.

तो गेला तेव्हा मनकर्णा पहिल्यांदा भासऱ्याच्या दारी गेली. पदर पुढे ओढून, भिंतीकडे तोंड करून तिनं सांगितलं. दौलतराव दारात उभा होता. त्याच्या मागं गोजराबाई तोंडात पदराचा बोळा धरून उभी होती, आणि आतून त्यांच्या तुळशीरामच्या खोकल्याचा आवाज येत होता. वाड्यातला एकुलता एक पोरगा, मिसरूड फुटलेला.

"आमचा भाऊ सा सालाखाली मेला," दौलतराव म्हणाला. "एका मानसाचं सुतक दोनदा नाई धरत." आणि त्यानं दार लावून घेतलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, असं मनकर्णेला वाटलं. चढलेला आवाज उतरतो तरी.

शेवटी मालेगावकडून पुंजाजी मास्तर आला. हा मिशनाचा उपदेशक. गावोगाव चालून त्याच्या पायांची कातडी निघाली होती, कारण तेव्हा त्याच्याकडे पुरण्याखेरीज दुसरं काम नव्हतं. तांड्यावरच्या मोहनसिंगनं बैलगाडी दिली. रामकिसनच्या वाट्याच्या वावरात, कडेच्या धुऱ्यावर खड्डा खणला, मास्तरनं प्रार्थना म्हटली, आणि गावातलं एकही माणूस तिथं नव्हतं. ज्यांना रामकिसननं पाणी पाजलं होतं तेसुद्धा. निम्मे आजारी होते, हे खरं. उरलेले निम्मे नव्हते, हेही खरं.

घरी परतल्यावर मास्तर ओसरीवर टेकला. आत मार्था वाकळेवर पडून होती. ताप गेला होता, पण अंगात काही उरलं नव्हतं.

"मनकर्णाबाई, चूल पेटवा," तो म्हणाला. "पोरीच्या पोटात गरम पेज गेली पायजे. मानमोडीतून उठलेलं लेकरू उपाशी राह्यलं का पुन्हा पडते. मी पाह्यलं हाये."

"भासऱ्याइच्या घरून येईन."

"अन् नाई आलं तं?"

"येईन."

मास्तरनं तिच्याकडे पाहिलं. वाद घालायचं त्राण त्याच्यात नव्हतं. "प्रभू तुमाले शांती देवो," एवढंच तो म्हणाला.

तेव्हा मनकर्णेचा तोल गेला. "तुमच्या प्रभूनं मले भावकीतून उठोलं, मास्तर. माह्या मानसाले खांदा भेटू देल्ला नाई. आता कायची शांती देते तो?"

मास्तर त्यावर रागावला नाही. कमरेच्या धडप्यात बांधलेले फुटाणे त्यानं पोरीच्या उशाशी ठेवले, हात जोडले आणि पुढच्या गावाची वाट धरली. तिथंही कोणी तरी त्याची वाट पाहत असणार, तोंड झाकलेलं.

मनकर्णेनं फुटाणे पाण्यात भिजवून, चिरडून मार्थाला भरवले. पोरीनं ते ओकून टाकले. "माय, मले पेज दे न," ती म्हणाली.

"थांब जराशी. मोठीमाय भाकर घेऊन येऊन राह्यली."

"मोठीमाय तं माह्याशी बोलत नाई."

मनकर्णा दारात जाऊन बसली. दिवस मावळला. शेजारच्या दारातून कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आलं, तरी कोणी आलं नाही. कोपऱ्यात पऱ्हाटीच्या काड्या होत्या, कोनाड्यात काडेपेटी होती, मडक्यात ज्वारीच्या कण्या होत्या. हात कितीदा तरी तिकडे गेला आणि मागं आला. चूल पेटवली, म्हणजे आपल्याच हातानं कबूल केलं, की रामकिसनचं या गावात कोणी नव्हतं. मडकं फोडणारे खरे आणि आपण खोट्या. तिला तो घास हवा होता. भूक म्हणून नव्हे. तिला तर भूक कळतही नव्हती. त्या घरचं कोणी येऊन आपल्या तोंडात घास घातल्याशिवाय तिचा नवरा नीट मेलाच नव्हता.

ही चूक होती, हे सांगायला शहाणा माणूस लागत नाही. आत लेकरू सुकत होतं आणि आई दारात बसून दुसऱ्याच्या टोपलीची वाट पाहत होती. पण दुःखात माणसाला शहाणपण सुचलं असतं, तर जगातले निम्मे वाईट दिवस आलेच नसते.

दुपारी मार्थानं पेज मागायचं सोडून दिलं. मनकर्णेनं तिला हाक मारली तर तिनं डोळे उघडले आणि पुन्हा मिटून घेतले, काही न मागता. मनकर्णा उठणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून हंबरडा आला.

गोजराबाईचा आवाज तिनं ओळखला. तुळशीराम गेला होता.

"बरं झालं," मनकर्णा म्हणाली. मनात नाही, तोंडानं, चांगलं मोठ्यानं. "आता समजन त्याइले." आणि मग ती येशूकडे वळली, कारण भांडायला घरात दुसरं कोणी नव्हतं. "तूच केलं ना हे? मंग बरं केलं."

ते शब्द बाहेर पडले आणि घरात तसेच राहिले. तुळशीराम. रामकिसनच्या खांद्यावर बसून बाजाराला जायचा तो. तिच्याच हातची भाकरी गुळाशी खायचा, आणि गूळ संपला की भाकरी तिच्या पदरात टाकून पळायचा. आपल्या आत इतकं काळं काही बसलेलं असेल, हे तिला ठाऊक नव्हतं. नवरा गेला तेव्हाही तिला स्वतःची अशी भीती वाटली नव्हती.

गल्लीत पावलं वाजली. दौलतराव दारोदार जात होता. "कोनी हाय का? खांदा द्याले कोनी हाय का?" तो हाक मारायचा, थांबायचा, आणि पुढच्या दाराशी जायचा. कडी वाजायची, दार उघडायचं नाही. कुठून तरी खोकला यायचा, एवढंच. मनकर्णेच्या दाराशी तो थांबला नाही, खाली मान घालून पुढे गेला. शेवटी आपल्याच गाडीला बैल जुंपून, सालदाराला सोबत घेऊन तो एकटा लेकाला मसणात घेऊन गेला. गाडीच्या चाकांचा आवाज दूर गेला, आणि मग भिंतीपलीकडून गोजराबाईचं रडणं तेवढं येत राहिलं. रडता रडता ते खोकल्यात अडकू लागलं. तो मानमोडीचा खोकला होता. नवऱ्याच्या छातीत तिनं तो ऐकला होता.

त्या घरात आता दुसरी बाई नव्हती. त्या घरची चूलही पेटणार नव्हती, आणि तिथं टोपली घेऊन यायला अख्ख्या गावात उभं माणूस नव्हतं.

मनकर्णा भिंतीला डोकं टेकून बसली. आणि तिला रामकिसनची एक गोष्ट आठवली, तिनं कधी कान देऊन न ऐकलेली. येशूला धरून नेलं त्याच्या आदल्या जेवणाची. त्याच्याच पंगतीला बसलेली माणसं त्याला थोड्या वेळात टाकून पळणार होती, आणि हे त्याला माहीत होतं. "तरी त्यानं त्याइलेच आपल्या हातानं भाकर मोडून देल्ली, मनकर्णा," रामकिसन सांगत होता. "मांगून नाई, आंधी. ते येऊन पाया पडतीन, मंग देईन, असं नाई म्हटलं त्यानं." तेव्हा मनकर्णा तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली होती, "मंग खुळाच म्हना तो." रामकिसन हसला होता आणि म्हणाला होता, "हो, तसंच काई तरी."

आता ती त्या खुळ्यापुढे बसली होती, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तिनं डोळे मिटले. मागणं काय मागावं ते तिला येत नव्हतं. "मी वाईट हाये," एवढंच ती म्हणाली. "लेकरू मेलं अन् मी बरं झालं म्हटलं. तुले दिसते ना? मंग मले घे आता, जशी हाये तशी."

काही झालं नाही. आकाशवाणी झाली नाही, अंगावर शहारासुद्धा आला नाही. फक्त घरात जातं फिरत असतं आणि ते थांबल्यावर कळतं, की इतका वेळ केवढी घरघर चालली होती, तसं तिच्या आत काही तरी थांबलं. वाट पाहणं थांबलं. रामकिसन मेला होता, लेक सुकली होती, दुःख होतं तेवढंच होतं, त्यातला कणही कमी झाला नव्हता. पण ते घर येतं की नाही, मानतं की नाही, हा काटा निघाला होता. रामकिसन ज्याला शांती म्हणायचा ती ही असेल, तर त्यानं ती फारच गोड करून सांगितली होती, असं तिला वाटलं.

ती उठली. तिनं काडी ओढली आणि नवरा गेलेल्या घरातली चूल आपल्या हातानं पेटवली. आधी कण्यांची पेज केली, मार्थाला मांडीवर घेऊन बोटानं तिच्या ओठांना लावली. पोरीनं बोट चोखलं. मग थोडी, मग आणखी थोडी. वाटीभर पोटात गेल्यावर लेकरू झोपलं, आणि ते झोपणं आधीच्या पडून राहण्यासारखं नव्हतं. मग मनकर्णेनं परात ओढली आणि भाकरी थापल्या. पिठलं केलं. टोपलीत फडकं घालून ते सगळं ठेवलं आणि ती भासऱ्याच्या दारी गेली.

दौलतराव मसणातून परत आला होता. ओल्या धोतरानं उंबऱ्यात बसला होता. टोपलीकडे पाहून त्याला ती कशाला आली ते कळलं.

"घरात मयत झाली हाय," मनकर्णा पदर ओढून म्हणाली. "बाईसाठी भाकर आनली."

दौलतराव खालच्या आवाजात म्हणाला, "मयताच्या घरची भाकर मयताच्या घरी चालत नाई. तुह्या घरून कालच मयत निंगाली."

आणि मनकर्णा जागच्या जागी उभी राहिली. जे ऐकायला ती दारात उपाशी बसली होती, ते हेच होतं. त्याच्याच तोंडून निघालं होतं. तुझ्या घरून मयत निघाली. म्हणजे ती मयत होती, म्हणजे ती याच्या लेखी धरण्याजोगी होती, म्हणजे सहा वर्षांपूर्वी फोडलेलं मडकं खोटं होतं. त्याला पेचात धरायला एक वाक्य पुरे होतं. मंग तुमच्या भावाचं सुतक तुमाले लागलं म्हना, एवढंच बोलायचं आणि टोपली घेऊन परत फिरायचं. दौलतरावालाही ते उमगलं असावं, कारण त्यानं मान वर केली आणि तिच्याकडे नुसता पाहत राहिला, मार खायला तयार असलेल्या माणसासारखा.

आतून गोजराबाई खोकली.

"आमची मयत तुमच्या लेखी मयत नाई, भाऊजी," मनकर्णा म्हणाली. "तुमचा भाऊ सा सालाखालीच गेला. पंचाइत ठरलं हाय. माह्या घरचं सुतक तुमाले नाई. मी तुमची कोनी नाई, भायेरची हाये. भायेरचीच्या हातची भाकर चालते."

प्रत्येक शब्द तिनं नीट, न अडखळता उच्चारला. नवऱ्याला तिनं आपल्या तोंडानं दुसऱ्यांदा परका केला, आणि त्यानं तिचा जीव तुटला. पण आत जी बाई पडली होती तिच्यापर्यंत जायला दुसरी वाट नव्हती. उंबऱ्यातून पाय काढून घेऊन दौलतरावानं तिला वाट दिली.

आत अंधारं होतं. गोजराबाई भुईवरच पडली होती, लेकाला उचलून नेलं त्या जागेवर हात पसरून. अंग फणफणत होतं, ओठांवर निळी छटा आली होती. मनकर्णेनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून मऊ केला आणि तिच्या तोंडाशी नेला. गोजराबाईनं मान फिरवली, रीतीप्रमाणे नको म्हणाली. मनकर्णेनं रीतीप्रमाणे पुन्हा दिला. तिनं तोंड उघडलं. तो एवढासा घास गिळायला तिला फार वेळ लागला.

मग गोजराबाईचा हात टोपलीत गेला. भाकरी मोडवेना. दोन्ही हातांनी धरून तिनं कसाबसा तुकडा तोडला आणि मनकर्णेच्या तोंडाजवळ आणला.

"हा माह्या दिराचा," ती म्हणाली.

दारात दौलतराव उभा होता. त्यानं ऐकलं. मनकर्णेनं तोंड उघडलं, घास घेतला, आणि धुऱ्यावर माती लोटताना जे रडू आलं नव्हतं ते आलं. दोघी रडल्या. दौलतराव बाहेर निघून गेला, आणि गोठ्यात बैलांपाशी जाऊन त्यानं काय केलं ते कोणी पाहिलं नाही.

गोजराबाईला दुसरी सकाळ दिसली नाही. भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज आला नाही, कारण त्या घरात आता रडणारी बाई राहिली नव्हती. सालदार येऊन सांगून गेला तेव्हा मनकर्णा मार्थाला पेज भरवत होती. तिनं वाटी खाली ठेवली, डोळे मिटून रामकिसन म्हणायचा ती भाकरीची प्रार्थना येत होती तेवढी म्हटली, आणि कोणी बोलवायची वाट न पाहता पीठ मळायला घेतलं. भासऱ्याच्या भाकरी थापताना ती रडत होती आणि तिचं मन शांत होतं. या दोन्ही गोष्टी एका वेळी होऊ शकतात, हे रामकिसननं तिला कधी सांगितलं नव्हतं.